पचमढीत पाणी चढतं

झाशीच्या रेल्वे कॉलनीतल्या आमच्या मंडळाच्या गणपती अंकासाठी प्रवासवर्णन मागताना चिटणीसांनी एकच अट घातली. "धूपगडचा सूर्यास्त नको. गेल्या तीन अंकांत तो तीनदा मावळलाय. काहीतरी अपरिचित लिही."

अट पाळणं मला सोपं गेलं, कारण आम्ही धूपगडला गेलोच नाही. पांडवांच्या गुहा लांबून पाहिल्या, त्याही जीप वळणावर थांबली म्हणून. धबधब्यांपैकी एकही पाहिला नाही. पचमढीतले आमचे तीन दिवस एका ओढ्यापायी गेले. तिथे पाहण्यासारखं जे आहे ते एकच आहे, आणि ते कुठल्याही नकाशात नाही.

आम्ही म्हणजे बाबा, आई आणि मी. बाबा झाशीला रेल्वेच्या वॅगन कारखान्यात खलाशी, म्हणजे हेल्पर, म्हणून लागले आणि गेल्या वर्षी फिटर म्हणून निवृत्त झाले. मी मोठ गावच्या शाळेत विज्ञान शिकवते, रोज कानपूर रोडच्या बसने जाते-येते. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. थोरला दादा आठवीतून आणि धाकटा दादा नववीतून शाळा सोडून कारखान्यात लागले, मी बी.एस्सी. झाले. हे फुशारकी म्हणून वाचलं तरी माझी हरकत नाही. पण पुढच्या हकिगतीशी त्याचा संबंध आहे.

संबंध असा. बारा वर्षांपूर्वी, मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना, गणपतीत मंडळाने माझं व्याख्यान ठेवलं होतं. विषय 'निसर्गाचे नियम'. बाबा पहिल्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. व्याख्यान संपल्यावर ते उभे राहिले आणि मला दुजोरा म्हणून त्यांनी एक अनुभव सांगितला. ते वीस-एकवीस वर्षांचे असताना एका मिस्त्रीबरोबर त्यांना पचमढीला पाठवलं होतं. तिथल्या एका साहेबी बंगल्याचा पंप बिघडला होता. तो पंप ना डिझेलवर चालायचा, ना विजेवर. ओढ्यातलं पाणी आपल्याच जोरावर टेकडीवर चढायचं.

मी स्टेजवरून म्हणाले, "हे शक्य नाही. पाणी स्वतःहून वर चढत नाही. बाबांचा काहीतरी गैरसमज झालाय."

सभा हसली. बाबाही हसले आणि खाली बसले. मला वाटलं, विषय संपला. माझा संपला. बाबांचा पुढे बारा वर्षं चालला. कॉलनीच्या नळाला पाणी कमी आलं की कुणीतरी ओरडायचं, "अहो, तुम्ही जरा चढवा की!" हळदीकुंकवात बायका आईला विचारायच्या, "चढतं पाणी घरी आहेत का?" बाबांनी पचमढीचं नाव घेणं बंद केलं. आईने त्या दिवशी घरी आल्यावर आपलं मत मला एका वाक्यात सांगितलं होतं. "चढो न चढो, चार लोकांत बोलायचं नव्हतं."

निवृत्तीनंतरचा रेल्वेचा पहिला मोफत पास हातात आल्यावर बाबांना विचारलं, कुठे जायचं? आम्हाला वाटलं काशी म्हणतील. ते म्हणाले, "पचमढी."

पिपरियाहून वर

मी नोकरी करते, त्यामुळे बाबांच्या पासवर माझं नाव बसत नाही. मी तिकीट काढलं. आमच्या घरात रेल्वेचं तिकीट पहिल्यांदाच आलं, आणि बाबांनी ते उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं.

तयारी सांगायची तर, मी झाशीच्या इलाइट चौराह्यावर स्वेटर मागायला गेले होते. मे महिना, दुपारचे दोन. दुकानदाराने आधी मला पंख्याखाली बसवलं. "मैडम, तबियत ठीक है ना?" स्वेटर मिळाला नाही, एक रबरी चप्पल घेऊन आले. ती पुढे कामाला आली, पण चप्पल म्हणून नाही. आईने सुराही घेतली. थंड हवेच्या गावाला सुराही कशाला, असं मी म्हणाले. "पाणी कसलं असेल तिथलं," आई म्हणाली, आणि झाशीचं पाणी मांडीवर घेऊन इटारसीला गाडी बदलून पिपरियापर्यंत आली. बाबांनी होल्डॉलमध्ये एक लहान हातोडा गुंडाळला होता. हे आम्हाला पिपरियाला कळलं.

पिपरियाला उतरल्यावर बाबा जीपभोवती फिरले आणि चारही चाकांवर त्यांनी हातोड्याने एकेक टोला दिला. कारखान्यात चाकाला तडा आहे का ते असंच आवाजावरून पाहतात. जीपवाला काही वेळ बघत राहिला.

"चाचाजी, ये रबर का है. बजेगा नहीं."

"मालूम है," बाबा म्हणाले. "आदत है."

घाट मी वर्णन करत नाही, आईने तो डोळे मिटून केला. एका वळणानंतर हवा बदलली एवढं खरं. सालाची झाडं सुरू झाली आणि आईने डोळे न उघडताच पदर खांद्यावरून ओढून घेतला. झाशीला त्या दिवशी लू, उन्हाची गरम झळ, चालू होती.

उतरल्या उतरल्या एका गाइडने आम्हाला गाठलं. बोटांवर मोजत त्याने दहा पॉइंट सांगितले. बाबांनी विचारलं, इथे एका बंगल्याखाली ओढ्यात पंप होता, तो कुठे?

गाइडने थोडा विचार केला. "वो पॉइंट में नहीं आता, बाबूजी."

बंगले

दुसऱ्या दिवशी आम्ही बंगले बघत फिरलो. पचमढीतले जुने बंगले एकमेकांसारखे आहेत. लाल कौलं, समोर व्हरांडा, फाटकाला गंज. बाबांना खूण आठवत होती ती एवढीच की मागे दोन जांभळाची झाडं आणि मध्ये दगडी टाकी. जांभळं पचमढीत घरोघरी आहेत. पहिल्या बंगल्यात कुत्रं होतं. दुसऱ्यात एक कुटुंब राहत होतं, त्यांनी आम्हाला खोली हवी असेल असं समजून चादरी दाखवल्या.

दोन बंगल्यांनंतर मी म्हणाले, "बाबा, चाळीस वर्षं झाली. काढून टाकला असेल."

"असेल," बाबा म्हणाले आणि चालत राहिले.

खरं सांगायचं तर मला तो सापडायला नको होता. सापडला नाही तर मला समजूतदारपणा दाखवता आला असता. तो मला चांगला जमतो.

तिसऱ्या बंगल्याच्या मागे टाकी होती. कोरडी, आत जांभळाची पानं. दोन्ही झाडं जागेवर होती. चौकीदार सुखलाल बादलीने वांग्यांना पाणी घालत होता, आणि त्याची बायको सावलीत दगडावर काहीतरी फोडत बसली होती. बंगला कुणाचा ते त्यालाही नीट माहीत नव्हतं. मालक बाहेर असतात, पगार येतो, साहेब येत नाहीत.

"पंप?" तो म्हणाला. "है नीचे. मेरे बाप के टाइम चलता था. टक-टक, टक-टक. लोग कहते थे भूत है. फिर बंद हो गया."

"भूत?" बाबांनी विचारलं.

"पंप. भूत का पता नहीं."

आता बिजलीची मोटार आहे, बिजली असली की चालते, असं त्याने सांगितलं. मग बादली उचलून पुन्हा उताराकडे निघाला. उतार तीनमजली घराएवढा असेल. बिजली केव्हा असते ते त्याच्या पायांकडे पाहून कळत होतं.

आईचे गुडघे उतरण्यासारखे नाहीत. ती टाकीच्या कठड्यावर सुराही घेऊन बसली आणि सुखलालच्या बायकोला म्हणाली, "क्या फोड़ रही हो?"

"चिरौंजी, अम्माजी."

आईने हात पुढे केला. वर काळपट फळ, आत कठीण बी, बी फोडली की चारोळी. सबंध जन्म तिने श्रीखंडावर चारोळी घातली होती आणि ती डब्यात जन्मते अशी तिची समजूत असावी. तिने एक फळ चोखून पाहिलं. "अगं, हे तर गोड आहे!" ती मला म्हणाली, जणू हे मी तिच्यापासून लपवून ठेवलं होतं. तो दिवस आणि पुढचा दिवस ती त्या कठड्यावरून हलली नाही. पचमढीतलं हे दुसरं अपरिचित स्थळ. मोसमात गेलात तर कुठल्याही अंगणात सापडेल.

ओढा

खाली झाडोऱ्यात एक लोखंडी पाइप ओढ्याकडून आला होता. बाबांनी हातोडा काढला. दर चार पावलांवर टोला द्यायचा, कान लावायचा. पहिले टोले घंटेसारखे वाजले.

"रिकामा."

पुढे गेल्यावर आवाज बसला.

"भरलेला. ऐकलंस? इथपर्यंत पाणी आहे. खालीच कुठेतरी कचरा अडकलाय. लाइन तुटलेली नाही."

मला दोन्ही आवाज सारखेच वाटत होते. मी मान डोलावली.

पाइपच्या शेवटी, दगडी चौथऱ्यावर, पंप होता. एवढं ऐकून तुम्हाला काही भव्य वाटत असेल तर तसं नाही. गुडघ्याएवढं बिडाचं धूड, वर घुमटासारखी टोपी, बाजूला एक झडप. चाक नाही, पट्टा नाही, हँडल नाही. शेवाळ आणि एक बेडूक होता. बेडकाला बाबांनी हाताने बाजूला केलं.

मग ते चौथऱ्यावर बसले. यंत्र आहे हे कळलं होतं. चालतं का हे कळलं नव्हतं, आणि आता आम्हा दोघांनाही तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

बाबांनी सुखलालकडून रॉकेल मागून घेतलं आणि नटांवर चिंध्या भिजवून गुंडाळल्या. "उद्यापर्यंत सुटतील. आज हात लावला तर तुटतील."

संध्याकाळी सगळी पचमढी सूर्यास्ताला गेली. आम्ही बाजारात जीपवाल्याकडून पाना मागत होतो.

चप्पल

तिसऱ्या दिवशी नट सुटले, एक सोडून सगळे. तो बाबांनी टोले देऊन सोडवला. ओढ्याचं पाणी पंपात आणणाऱ्या दुसऱ्या पाइपच्या तोंडाची जाळी पानांनी आणि चिखलाने गच्च होती, ती मी साफ केली. ओढ्यात कंबरेपर्यंत उतरून बी.एस्सी.ने केलेलं ते पहिलं प्रात्यक्षिक. पाइपने आधी हवा ओकली, मग चिखल, मग पाणी.

झडपेचं रबर मात्र हातात घेताच बिस्किटासारखं तुटलं.

बाबांनी तुकडा पालथा करून पाहिला. "हे मी कापलंय."

"कशावरून?"

"हे बघ, एका बाजूला तिरपं आहे. वॅगनच्या ब्रेकच्या नळीचं रबर होतं, मिस्त्रीच्या चाकूने कापलं. मिस्त्री ओरडला होता, तिरपं कापलंस म्हणून. मग म्हणाला, चलेगा." त्यांनी तो तुकडा रुमालात बांधून खिशात ठेवला. मग माझ्या पायांकडे पाहिलं.

"तुझी चप्पल दे."

"बाबा, नवी आहे."

"म्हणूनच."

टाचेकडच्या भागातून त्यांनी गोल कापला. या वेळी सरळ. माझ्याकडे सबंध चप्पल एकच उरली. मी तीही काढून ठेवली, कारण एका चपलेने चढ चढणं अवघड असतं.

सगळं बसवून बाबांनी पाणी सोडलं. झडपेतून पाणी भसाभसा बाहेर आलं, वेग वाढला, आणि झडप धाडकन् मिटली. मिटूनच राहिली. बाबांनी ती टाचेने दाबली. पाणी सुटलं, पुन्हा मिटली. पुन्हा दाबली. दहा वेळा, वीस वेळा. पाय उचलला की पंप गप्प.

"बाबा, बसा जरा."

"मोजू नकोस, मी मोजतोय."

सुखलाल वरून बघत होता. "बाबूजी, रहने दो. मर गया है वो."

बाबा थांबले. त्यांनी घुमटावर हातोड्याने एक टोला दिला, कान लावला. दुसरा टोला वर दिला, पुन्हा कान. मग पान्याने तळाचा एक बोल्ट सैल केला. आतलं पाणी वाहून गेलं, फुसकन् हवा आत शिरली.

"टोपीत पाणी भरलं होतं. आत हवा पाहिजे. हवा दबते, मग पाण्याला ढकलते. गच्च भरलेल्यात धक्का कुठे बसणार?"

बोल्ट आवळून त्यांनी पुन्हा टाच ठेवली. दाब, सोड. दाब, सोड. सत्तावीस-अठ्ठावीस झाल्यावर त्यांनी पाय उचलला.

टक.

झडप आपली आपण पडली, पाणी सुटलं, वेग घेतला, झडप मिटली. टक. पुन्हा पडली. टक. टक.

बाबांनी दोन पावलं मागे घेतली. त्यांचा पाय अजून थोडा वरखाली होत होता.

मी झडपेतून सांडणाऱ्या पाण्याकडे पाहत होते. प्रत्येक ठोक्याला बहुतेक सगळं पाणी चौथऱ्यावरून खाली ओढ्यात पडत होतं. मी म्हणाले, "बाबा, हे तर सगळं खालीच चाललंय."

"मग? सात बादल्या खाली पडतात तेव्हा एक वर जाते. खालच्या वाया जात नाहीत. त्यांनीच तर धक्का दिला."

"हे तुम्ही त्या दिवशी सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस."

इथे विज्ञान शिक्षिका म्हणून मला नोंदवलं पाहिजे की निसर्गाच्या नियमाला धक्का लागलेला नाही. पुष्कळ पाणी खाली पडतं, त्याच्या जोरावर थोडं वर चढतं, हिशोब चोख आहे. नियम मी बरोबर सांगितला होता. यंत्र बाबांनी बरोबर सांगितलं होतं. मध्ये फक्त एक प्रश्न विचारायचा होता की बाकीचं पाणी कुठे जातं, आणि तो मोठच्या शाळेत आठवीतली मुलंही विचारतात. मी तेव्हा कॉलेजात होते, म्हणून विचारला नाही.

"वर जा," बाबा म्हणाले. "बघून ये."

"तुम्ही चला."

"मला माहीत आहे. तू बघ."

मी अनवाणी चढ चढले. टाकीशी आई आणि सुखलालची बायको दोघी टाकीवर उघडणाऱ्या पाइपच्या तोंडाकडे पाहत उभ्या होत्या. तोंड कोरडं होतं. खालून टक-टक ऐकू येत होतं. सुखलालने बादली खाली ठेवली. आम्ही चौघं त्या गंजक्या तोंडाकडे पाहत राहिलो. आतून पहिल्यांदा खोकल्यासारखा आवाज आला, मग तांबडं पाणी थेंब-थेंब, मग करंगळीएवढी धार. ठोक्यागणिक धार जराशी जाड व्हायची, जराशी बारीक व्हायची.

आईने सुराहीतलं झाशीचं पाणी वांग्यांना ओतलं, धार स्वच्छ होईपर्यंत थांबली, आणि सुराही खाली धरली. भरायला पुष्कळ वेळ लागला. तिला घाई नव्हती.

सुखलाल कठड्यावरून खाली वाकला आणि ओरडला, "बाबूजी! चढ़ गया!"

खालून टक-टक चालू होतं.

परत

निघताना बाबांनी सुखलालला जाळी कशी साफ करायची, बोल्ट केव्हा सैल करायचा ते तीनदा सांगितलं आणि तीनदा म्हणवून घेतलं. उरलेली चप्पलही त्याच्याकडे ठेवली. तिच्यातून आणखी दोन झडपांची रबरं निघतील. सुखलालच्या बायकोने आईला चारोळी बांधून दिली. बाजारातून मी दोन्ही दादांसाठी बांबूची एकेक चांगली काठी घेतली. आई म्हणाली, त्यांना काठी कशाला, अजून धडधाकट आहेत. मी म्हणाले, असू दे. धक्का देणाऱ्या बादल्या मला आठवत होत्या.

पचमढी ते झाशी आईने सुराही मांडीवर घेऊन केलं. घरी पोचल्यावर शेजारच्या चार घरांत तिने त्यातलं पाणी पेल्याने वाटलं. कसलं तीर्थ, असं सगळ्यांनी विचारलं. "पचमढीचं, चढलेलं," आई म्हणाली.

हा लेख लिहिताना बाबांना विचारलं, यात माफी कुठे घालू? सुरुवातीला की शेवटी? ते पेपर वाचत होते. म्हणाले, "माफी नको. रस्ता नीट लिही. माणसं गेली तर सापडला पाहिजे."

तर रस्ता असा. बाजारापासून गुहांच्या वाटेला लागायचं. दुसऱ्या उतारानंतर डावीकडे लाल कौलांचा बंगला, मागे दोन जांभळं, मध्ये टाकी. सुखलालला विचारायचं. चप्पल जुनी घालावी. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वर टाकीशी बसावं, धार तिथेच येते. पंप बंद असेल तर झडप टाचेने तीसेक वेळा दाबावी आणि पाय उचलावा.

नळाशी जे हाक मारतात त्यांनी आधी जाऊन यावं. पचमढीत पाणी चढतं. मी पाहिलं आहे.